आश्विनातील ट्राउट आणि नोव्हेंबरची बंदी

हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या शिकारीस दरसाल 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, आणि माशास निर्वेधपणे अंडी घालू द्यावीत हा तिच्यामागील हेतू सर्वथा स्तुत्य आहे. परंतु तीर्थन नदीच्या वरच्या अंगास, जेथे पर्जन्याचा गढूळ ओघ ओसरून आश्विनातच पाणी स्फटिकवत् होते, तेथील तपकिरी ट्राउट सरकारी दिनदर्शिका पाहून विणीस लागत नाही, ही गोष्ट दप्तरी हुकुमात कोठेही उमटलेली दिसत नाही.

ही मासळी मूळची इकडची नव्हे. काश्मिरासाठी 1899 साली विलायतेहून निघालेली अंडी वाटेतच नासली, पुढल्या वर्षीची तगली, आणि 1909 च्या सुमारास कुल्लूच्या नद्यांतही तिची वस्ती करण्याचा उद्योग सुरू झाला. तिच्या आगमनाने स्थानिक माशांवर काय गुजरली, हा प्रश्न निराळा, आणि माझ्या मते पुरेसा विचारला न गेलेला.

कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याची विद्या शरदात जशी खुलते तशी अन्य ऋतूत क्वचितच. पिसे व रेशीम गुंडाळून केलेल्या त्या माशीस स्वतःचे वजन जवळजवळ नसते. तिला पैलतीरी नेते ते दोरीचे वजन, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असल्यामुळे शिकाऱ्यास खालच्या बाजूने, सावली पाण्यावर पडू न देता, चोरपावलांनी चढावे लागते. पाणी उथळ आणि नितळ झाल्याने माशाची नजरही तितकीच तीक्ष्ण होते. याच दिवसांत नराचा रंग गडद होतो, खालचा जबडा आकड्यासारखा वळू लागतो, आणि गाबोळीने भरलेली मादी वरच्या ओढ्यांकडे सरकते. तेथे ती शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, अंडी घालून ती पुन्हा खडीने झाकते, आणि त्या खडीतून झिरपणाऱ्या थंड, प्राणवायुयुक्त पाण्यावर ती अंडी हिवाळाभर जगतात. अशा खडीवर बूट पडला की काय चिरडले गेले, हे बूट घालणाऱ्यास कळतही नाही. आणि म्हणूनच पकडलेला मासा सोडून दिला की आपले कर्तव्य संपले, ही सभ्य शिकाऱ्याची समजूत येथे अपुरी पडते.

पतलीकुहलच्या ट्राउट-पैदास केंद्रात वाढविलेली बोटुकली नदीत सोडता येतात, असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. तो मला मान्य नाही: हौदातील पैदास ही तूट भरून काढण्याची तजवीज आहे, तूट करण्याचा परवाना नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून तीर्थनकाठी जाणाऱ्या हौशी मंडळींवर काही घरांचा चरितार्थ चालतो, हे खरे. तेव्हा मुख्य प्रवाह ऑक्टोबरअखेर खुला राहावा, मात्र माद्या सोडून देण्याची अट परवान्यावरच छापावी, आणि वरचे ओढे 15 ऑक्टोबरपासून बंद करावेत. मत्स्यखात्याला याकरिता नवा पैसा नको. बंद ओढ्यांची यादी परवान्याच्या पाठीमागे छापली आणि तपासणीस एक पहारेकरी वर पाठविला, तरी यंदाच्या हंगामापासून अंमल सुरू करता येईल.