प्रोसेसरची प्रतीक्षा आणि पावसाचा अंदाज

संगणकाच्या दुकानात गेलेल्या ग्राहकाला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. 'थोडे थांबा, नवा प्रोसेसर येतो आहे.' सोलापुरातील चादरीच्या कारखानदाराला तो मिळतो, कर सल्लागाराला मिळतो आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या वडिलांनाही मिळतो. नवा प्रोसेसर मात्र जाहीर केलेल्या मुहूर्तावर येतोच असे नाही. प्रतिस्पर्धी कंपनीचा माल तोवर समोरच्या फळीवर तयार असतो. थांबावे की तो घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु नेमका हाच प्रश्न १९९०च्या दशकाच्या आरंभी पुण्यात, देशाच्या पातळीवर उभा राहिला होता.

ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले. हवामान अंदाजाच्या कामासाठी कमी क्षमतेचा 'एक्स-एमपी १४' तेवढा दिला, तोही अनेक अटी घालून. या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील अभियंत्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक देशापुढे ठेवला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातील एक उपकथा सहसा सांगितली जात नाही.

'परम ८०००'चा प्रोसेसर भारतीय नव्हता. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' त्यात वापरले होते. शेजारच्या प्रोसेसरशी थेट बोलण्याची सोय या चिपमध्येच असल्यामुळे अनेक ट्रान्सप्युटर जोडून एक मोठे यंत्र उभे करणे सोपे जाई. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र कामाला लावायचे, हा त्यामागचा विचार. अडचण पुढे आली. इनमॉसने १९९१ मध्ये 'टी ९०००' या नव्या ट्रान्सप्युटरची घोषणा केली. आधीच्या चिपच्या दहापट वेग देण्याचे उद्दिष्ट होते. पण चिप लांबली, आणखी लांबली, आणि आली तेव्हाही उद्दिष्टाच्या जवळपास पोहोचली नाही. तोपर्यंत इतरांचे साधे, वेगवान प्रोसेसर तिच्या पुढे निघून गेले होते.

ट्रान्सप्युटरवर विसंबलेल्या जगभरच्या कंपन्यांची यामुळे कोंडी झाली. जर्मनीच्या पार्सिटेकने आपल्या मोठ्या यंत्राचा आराखडा 'टी ९०००' गृहीत धरून आखला होता. त्या कंपनीला आधी जुन्याच चिपवर भागवावे लागले आणि नंतर पॉवरपीसीकडे वळावे लागले. ब्रिटनची मायको कंपनी इंटेलच्या 'आय ८६०'कडे आणि पुढे स्पार्ककडे गेली.

सी-डॅक या प्रतीक्षेत अडकून पडले नाही. 'परम ८६००' मध्ये त्यांनी गणिताचे काम इंटेलच्या 'आय ८६०'कडे दिले आणि प्रोसेसरांमधील संवादासाठी ट्रान्सप्युटर कायम ठेवले. हा तोडगा मला विशेष शहाणपणाचा वाटतो. जुन्या कंपनीशी काडीमोड नाही आणि तिच्या वेळापत्रकावर भिस्तही नाही. १९९४ मधील 'परम ९०००' ची रचनाच अशी केली गेली की नवा प्रोसेसर आला की तो बसवता यावा. त्याची सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेक अल्फा अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांवरील रूपे झाली. डिसेंबर २००२ मधील 'परम पद्म'साठी आयबीएमचा पॉवर ४ निवडला गेला. पद्म जून २००३ मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत १७१ व्या क्रमांकावर होता.

अर्थात, प्रोसेसर बदलणे फुकट नसते. ट्रान्सप्युटरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या चिपवर जसाच्या तसा चालत नाही. तो नव्याने बांधावा लागतो, तपासावा लागतो, त्यावर काम करणाऱ्यांना नव्याने शिकावे लागते. प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची खरी किंमत ही असते. बिलावर ती कोठेच दिसत नाही.

आता पावसाकडे वळू. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा सुमारे चार पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. तो क्रे कंपनीचाच होता, त्यात इंटेलचे प्रोसेसर होते. ज्या क्रेसाठी एकेकाळी आपण हात पसरले, तिचे यंत्र तीस वर्षांनी पुण्यात रीतसर आले, हाही काळाचा विनोदच. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत 'अर्क' आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आणि प्रोसेसर एएमडीचे.

मधल्या काळात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. इंटेलचे दहा नॅनोमीटर तंत्र २०१५ पासून लांबत गेले. त्यावरचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर एप्रिल २०२१ मध्ये आले. एएमडीचे सात नॅनोमीटरचे सर्व्हर प्रोसेसर ऑगस्ट २०१९ मध्येच बाजारात होते. सरकारी खरेदीत किंमत, वीजवापर, निविदेच्या अटी असे अनेक घटक असतात. एका कंपनीच्या दिरंगाईनेच निर्णय फिरला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही ग्राहकापुढे दुसरा सक्षम पर्याय उभा राहिला तो याच वर्षांत, हे नाकारता येत नाही.

सोलापूरला याचे काय? मे २०२५ मध्ये हवामान खात्याने 'भारत फोरकास्ट सिस्टिम' वापरात आणली. आधी बारा किलोमीटरच्या चौकटीवर होणारा अंदाज आता सहा किलोमीटरच्या चौकटीवर होतो आणि त्याची आकडेमोड 'अर्क'वर चालते. अकरा तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात बार्शीत सरी कोसळत असताना सांगोल्यात धूळ उडत असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची पेरणी परतीच्या पावसावर अवलंबून. अशा ठिकाणी चौकट निम्मी होणे ही लहान गोष्ट नव्हे. अंदाज अचूकच निघेल, अशी हमी कोणी देऊ नये. पण यंत्रच आले नाही तर हंगाम थांबत नाही. पेरणी जुन्या अंदाजावर करावी लागते.

प्रतिस्पर्धी नेहमीच तारणहार ठरतो, असेही नाही. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने गाजावाजा करून 'बार्सिलोना' प्रोसेसर आणला. त्यात दोष सापडला आणि दुरुस्त माल मुबलक मिळायला २००८ चा वसंत उजाडला. त्या वेळी वाट पाहणारे एएमडीचे ग्राहक होते आणि तयार माल इंटेलकडे होता. ॲपलने तर हा अनुभव दोनदा घेतला. पॉवरपीसीचा कबूल केलेला तीन गिगाहर्ट्झ वेग न मिळाल्याने २००५ मध्ये इंटेलकडे जाण्याची घोषणा केली आणि २०२० मध्ये इंटेललाही सोडले. कंपनीवरील निष्ठा ग्राहकाने बाळगावी, अशी ही बाजारपेठ नाही.

सामान्य कार्यालयाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरांवर विंडोज, टॅली, मराठी टंकलेखनाच्या प्रणाली सारख्याच चालतात. सी-डॅकला सोसावा लागलेला नव्याने प्रोग्राम बांधण्याचा खर्च येथे नाही. खर्च येतो तो मदरबोर्ड आणि मेमरीचा, कारण एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डवर बसत नाही. जुनी डीडीआर ४ मेमरी वापरायची असेल तर एएमडीच्या एएम ५ बोर्डवर ती चालणार नाही, हे बिल फाडण्यापूर्वी विचारून घ्यावे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे आठव्या पिढीपूर्वीचा इंटेल संगणक असलेल्यांना थांबण्याची चैन फारशी उरलेली नाही. ज्यांचे यंत्र धडपणे चालते आहे आणि ज्यांना हव्या त्या प्रोसेसरची विक्रीची तारीख, नुसत्या घोषणेची नव्हे, कळली आहे, त्यांनी महिना-दोन महिने खुशाल थांबावे. मार्चअखेरचे हिशेब तोंडावर असताना यंत्र बंद पडलेल्या दुकानदाराने मात्र फळीवर आहे तो प्रोसेसर घ्यावा, मग डबा निळा असो की नारिंगी.