टीव्हीला हळदीकुंकू

आमच्या घरात रिमोट एक आणि भाषा चार! मराठी माझी, कन्नड आमच्या अक्कांची, गुजराती नातवाची, आणि भांडण मिटवायला हिंदी सगळ्यांची. त्यामुळे संध्याकाळी सात वाजले की आमच्या बैठकीच्या खोलीत गोलमेज परिषद भरते.

वाचकहो, चिकोडीचं घर मोठ्या जाऊबाईंवर, म्हणजे अक्कांवर सोपवून आम्ही दोघं मुलाकडे इच्छापोरला आलो, हे या सदरात मागे सांगितलंच आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. रात्रभर रस्त्यावर अवजड गाड्यांची ये-जा. सायणच्या बाजूला गेलं की उसाची शेतं आणि साखर कारखाना दिसतो. तेवढ्यावर आपण आपल्याच भागात आहोत असं मनाला समजवायचं. थंडीत अक्काही दोन-तीन महिने इकडे येतात. त्या अथणीच्या. मराठी उत्तम बोलतात, पण राग आला की कन्नड आणि फार माया आली तरी कन्नडच.

नातवाची पसंती ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’. २००८ साली सुरू झालेली ही मालिका त्याच्या जन्माच्या आधीची, पण जुने भाग तो पाठ असल्यासारखे बघतो. समोरच्या घरातल्या बा त्याच वेळी येऊन बसतात. जेठालाल दिसला की बांना हसू आवरत नाही, मला भिडे मास्तर आपले वाटतात, आणि अक्का अय्यरची वाट बघत असतात. अय्यर तामिळ आहे हे त्यांना दहादा सांगून झालं. “असू दे, आमच्याच बाजूचा की!” एवढंसं संकट आठवडाभर पुरवतात, याचा मला कंटाळा येतो. पण एका इमारतीत इतक्या भाषांचे लोक एकमेकांच्या ताटात हात घालतात, हे बघायला बरं वाटतं. तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१पासून लिहिलेल्या सदरावरून ही मालिका निघाली. साप्ताहिकातल्या सदरावरून मालिका! आमच्या संपादकांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या ह्यांची पसंती एकच, ‘मालगुडी डेज’. १९८६-८७च्या सुमारास दूरदर्शनवर आलेली. दिग्दर्शक शंकर नाग म्हणजे आपल्या दोन्ही घरांचा माणूस. जन्म होन्नावरचा, सुरुवात मुंबईच्या मराठी रंगभूमीवर, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात काम, आणि नाव झालं कन्नडमध्ये. १९९० साली दावणगेरेजवळ अपघातात तो गेला, तेव्हा अक्का दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. आगुंब्याचं ते पावसाळी गाव पडद्यावर आलं की आजही त्या हातातलं काम बाजूला ठेवतात.

परवा ह्यांनी ‘हीरो’ची गोष्ट पुन्हा लावली. स्वामीचे वडील, म्हणजे गिरीश कर्नाड, त्याला रात्री एकट्यानं कचेरीच्या खोलीत झोपायला लावतात. भेदरलेला स्वामी अंधारात चोराचा पाय कडकडून चावतो आणि गावभर त्याचं कौतुक होतं. पण दुसऱ्या रात्री बघावं, तर हा शूरवीर पुन्हा आजीच्या कुशीत! नातू पोट धरून हसला. मीही हसले. बाहेर वाहवा मिळवायची आणि घरात आल्यावर जुन्या पांघरुणात शिरायचं, ही माझीच गोष्ट आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्यासाठी जरा मागे जायला हवं.

१९८७ साली रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच चिकोडीला आले होते. आळीत टीव्ही एक, तोही आमच्याकडे. रविवारी सकाळी ओसरीपर्यंत माणसं बसायची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अक्का न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून यायच्या. टीव्हीच्या लाकडी पेटीला हार घालायच्या, हळदीकुंकू लावायच्या, उदबत्ती ओवाळायच्या. मी मिरजेची, थोडी शिकलेली. मला हसू यायचं. अक्का दटावायच्या, “नग बॅड!” हसू नको! राम वनवासाला निघाला त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही.

हे रामायण चित्रित झालं उंबरगावला. मुंबईहून सुरतेकडे येताना महाराष्ट्राचं घोलवड मागे पडलं की गुजरातचं उंबरगाव लागतं. म्हणजे अयोध्या काय आणि लंका काय, दोन्ही सीमाभागातच! पहिल्यांदा गाडीतून जाताना अक्कांनी खिडकीतूनच हात जोडले. आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी गुजराती, म्हणून बांना त्यांचा केवढा अभिमान. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा बा दारातूनच ओरडायच्या, “आमारो रावण आव्यो!”

मधल्या वर्षांत आमच्या घरातही बरंच घडून गेलं. बारा वर्षांपूर्वी भाऊजी गेले. अक्कांचं कपाळ मोकळं झालं. त्यांना कुणी ‘पुसा’ म्हटलं नव्हतं, पण कुणी ‘राहू द्या’ही म्हटलं नाही. त्या ‘कुणी’मध्ये मीही आले.

आता मालिकांकडे येते. आपल्याकडे एकच गोष्ट दोनदा बघायची सोय आहे. मराठीत सुबोध भावेंची ‘तुला पाहते रे’ संपली आणि २०१९मध्येच तिची कन्नड ‘जोते जोतेयली’ सुरू झाली. विष्णुवर्धन यांचे जावई अनिरुद्ध जतकर त्यात नायक. मी आधीच सगळं बघितलेलं. अक्का चिकोडीहून फोन करायच्या, “पुढं काय होतं, सांग की!” शेवटी मी सांगून टाकलं, आमचा विक्रांत सरंजामे खुनी निघाला होता! अक्का भडकल्या. “एवढ्या सोन्यासारख्या माणसावर आळ घेतीस? तुमच्या मराठीत निघाला असंल!” चार दिवस फोन नाही.

त्याच वर्षी मराठीत ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. निवेदिता सराफ यांची विधवा आसावरी, मुलाच्या आणि सासऱ्यांच्या धाकात दबलेली. सून शुभ्रा तिचं मन ओळखते आणि सासूचं लग्न लावून द्यायला उभी राहते. मुलाचा विरोध. डॉ. गिरीश ओक यांचे अभिजित राजे. रवी पटवर्धनांचे करारी आजोबा. डिसेंबर २०२०मध्ये ते गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. आसावरीच्या लग्नाचा भाग बघताना मी टाळ्या वाजवल्या. सूनबाईला म्हटलं, “असं पाहिजे! बाईनं काय जन्मभर मोकळ्या कपाळानं कोपऱ्यात बसायचं?” टाळीचा आवाज बहुतेक शेजारी ऐकू गेला असेल.

मे २०२२मध्ये तर अभिमानाची खरी बातमी आली. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मी इथल्या भिशीच्या बायकांना छाती फुगवून सांगितलं, “हेरवाड आमच्या भागातलं हो!”

त्यानंतर आली २०२३ची संक्रांत.

सूनबाईनं घरी हळदीकुंकू ठेवलं. आजूबाजूच्या मराठी बायका, कुणी खानदेशातल्या, कुणी कोकणातल्या, दोन-तीन गुजराती शेजारणी. वाण म्हणून स्टीलचे डबे आणले. अक्का तेव्हा इकडेच होत्या. दोन दिवस बसून त्यांनी तिळगूळ वळले, खास आपल्याकडचे एळ्ळू-बेल्ल भाजून, मिसळून, पुड्या बांधून दिल्या. दिव्याच्या वातीही त्यांनीच वळल्या.

बायका यायची वेळ झाली. अक्का बैठकीच्या खोलीतच सतरंजी सारखी करत होत्या. आणि मी काय केलं, सांगू? मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “अक्का, तुमची ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ बघायची राहिली ना? आत निवांत बसून बघा.”

मैत्रिणींनो, ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ म्हणजे त्याच ‘अग्गंबाई सासूबाई’ची कन्नड गोष्ट. सुधाराणी त्यात तुळसी झाली आहे, तीही विधवा आई. जिच्यासाठी मी टाळ्या पिटल्या, तिचीच गोष्ट हातात देऊन मी माझ्या जावेला आतल्या खोलीत पाठवलं!

अक्का काही बोलल्या नाहीत. सतरंजीचं टोक सरळ केलं आणि आत गेल्या.

कार्यक्रम रंगला. उखाणे झाले. तेवढ्यात आमंत्रण नसताना बा आल्या. त्यांनाही यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांच्या मनात किंतु नव्हता; तिळगूळ घ्यायला आल्या होत्या. चौफेर बघून मोठ्यानं विचारलं, “अक्का क्यां छे?” खोली एकदम गप्प झाली. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आत आहेत, मालिका बघताहेत.” बांनी माझ्या हातातलं तबक बघितलं, चपला काढल्या आणि सरळ आत गेल्या.

थोड्या वेळानं मी तिळगुळाची वाटी घेऊन दाराशी गेले. दोघी पलंगावर मोबाईलपुढे डोकं लावून बसलेल्या. बांना कन्नडचा एक शब्द कळत नव्हता. अक्का मोडक्या हिंदीत सांगत होत्या, “ये उसका माँ है. बहुत काम करती. उसका कोई नहीं पूछता.” बा मान डोलावत होत्या. माझ्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. मी वाटी ठेवली आणि कोयरी तशीच घेऊन परत फिरले. बाहेर बायका होत्या ना! लोक काय म्हणतील? कन्नडमध्येही हेच म्हणतात, ‘मंदी येनंतार?’ शब्द बदलतात, भीती तीच.

रात्री झोप आली नाही. टीव्हीच्या लाकडी पेटीला कुंकू लावणाऱ्या अक्का डोळ्यापुढून हलेनात. तेव्हा मी हसले होते. निर्जीव पेटीला लावलेलं कुंकू चाललं, आणि ते लावणाऱ्या बाईला लावायला माझा हात धजला नाही.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. त्या दिवशी मी अक्कांना आणि बांना बैठकीच्या खोलीत पाटावर बसवलं. बाहेरचं कुणी नव्हतं, हेही खरं सांगते. एवढंच धाडस जमलं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. बांनी हसत कपाळ पुढे केलं. अक्कांनी हळद लावून घेतली. कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुमच्या मालिकेत आसावरीला लावलं की,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“अवरु टीव्ही मंदी,” अक्का म्हणाल्या. “नावु मनी मंदी.” त्या टीव्हीतल्या बायका, आपण घरातली माणसं. मग जरा थांबून मराठीत म्हणाल्या, “हळद पुरे. कुंकवाचं बघू पुढच्या वर्षी. पण तो डबा दे. त्या दिवशी सगळ्यांना दिलास, मला दिला नाहीस.”

डबा! वाण द्यायचंही मी विसरले होते. सगळा समाज सुधारायला निघालेली बाई स्टीलचा एक डबा द्यायला विसरली!

पुढच्या संक्रांतीला अक्का बैठकीच्या खोलीतच बसल्या, बायकांच्या मधोमध. कुंकू लावून घेतलं का? ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं, आणि तुम्हालाही सांगणार नाही. दोन बायका मात्र लवकर उठून गेल्या. जाऊ देत. त्यांच्या घरीही टीव्ही आहे, त्यांनीही आसावरीसाठी डोळे पुसले असतील.

मालिकांना आपण नावं ठेवतो, रडक्या म्हणतो, पाणी घालून वाढवलेल्या म्हणतो. ते खोटं नाही. पण एक मात्र आहे. पडद्यावरच्या परक्या बाईवर इतकी माया करता येते, म्हणजे ती आपल्यात आहे. ती आतल्या खोलीपर्यंत न्यायची तेवढी राहिली आहे.

असो. सात वाजले. अक्कांच्या हातात रिमोट आहे आणि नातू दप्तर टाकून भांडायला निघालाय. भेटू पुढच्या आठवड्यात!