करवंटी आणि बंकरमधली बॅटरी

सध्या माझी नेमणूक तंजावूरला आहे. सरफोजी राजे, सरस्वती महाल यांवर पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते नारळाच्या करवंटीबद्दल.

जिल्ह्याच्या दक्षिणेला पट्टुकोट्टैकडे नारळाच्या बागाच बागा आहेत. करवंटी हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवली, की 'हार्ड कार्बन' मिळतो. त्यात नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ्या असतात आणि त्यांत सोडियमचे आयन मावतात. सोडियम-आयन बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड यापासूनच बनतो.

आपल्या मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीत हेच काम ग्रॅफाइट करतं. लडाखला राहिलेल्यांना त्याची खोड ठाऊक आहे. बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपणारा रेडिओ ऑपरेटर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते. शून्याखाली चार्ज केली, तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता वरच धातू होऊन साचतं आणि आतल्या आत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो.

दुसरी अडचण सीमेपलीकडची. बॅटरीच्या ग्रॅफाइटवर चीनची पकड आहे. 1 डिसेंबर 2023 पासून त्यांनी ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ज्याच्यासमोर आपण उभे, त्याच्याच मालावर आपला रेडिओ चालावा, हे मला पटत नाही.

आपल्याकडे ज्ञान नाही असंही नाही. इथून जवळच कारैकुडीला विद्युत-रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा 1953 पासून आहे. पुण्यात केपीआयटीने आयसर पुणेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. अडतं ते प्रयोगशाळा ते कारखाना या वाटेवर, कारण पहिलं गिऱ्हाईक कुणी व्हायचं?

माझं मत स्पष्ट आहे: सैन्याने व्हावं. वजनाच्या मानाने सोडियम बॅटरी कमी ऊर्जा साठवते, म्हणून जवानाच्या पाठीवर ती इतक्यात नको. पण बंकरमधल्या सोलर पॅनेलची बॅटरी कुणाला खांद्यावर घेऊन गस्त घालायची नसते. तिथे दोनचार हिवाळे चाचणी घ्या. उतरली तर मोठी ऑर्डर द्या, नाही उतरली तर कारणं शास्त्रज्ञांना कळवा.

ग्राफीनच्या बातम्या वाचून टाळ्या वाजवणं सोपं आहे. चौकीवरच्या पोरांना मात्र जानेवारीच्या पहाटे चालणारा रेडिओ हवा असतो.

जय हिंद!