नियम आरोग्याचा की मर्जीचा? सभेत उठून विचारायची सवय लावू या

ग्रामसभेची नोटीस लागली की आमच्या सुपे परिसरात तिच्यासमोर फार वेळ कुणी थांबत नाही. विषयपत्रिकेत नेहमीचेच शब्द असतात: पाणीपुरवठा, गटार, कचरा, उघड्यावरची मांसविक्री, मोकाट जनावरं. वाचणारा म्हणतो, "यात आपलं काय?" मग एक दिवस नियम होतो आणि तो आपल्याच दारात येऊन उभा राहतो. तेव्हा इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मोठी चर्चा होते, व्हॉट्सअॅपवर रात्रभर मेसेज फिरतात. ज्या सभेत नियम ठरला तिथे मात्र आपल्यापैकी चारच माणसं होती, आणि चारही गप्प.

आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेत मटण-मासळीची दुकानं गावाबाहेर हलवण्याचा विषय निघाला होता. कारण दिलं गेलं आरोग्याचं. आम्ही मागच्या रांगेत होतो. वर्गात साठ मुलांपुढे न अडखळता बोलणारे आम्ही तिथे उठलो नाही. "उगीच वाद नको" असं शेजारच्याने सांगितलं आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं. शेवटी एक म्हातारी आजी उठली आणि म्हणाली, "दुकान हलवा नाहीतर ठेवा, पण दुकानाखालचं गटार कुणी साफ करायचं ते आधी सांगा." सगळी सभा हसली. पण आरोग्याचा खरा प्रश्न त्या दिवशी तिनेच विचारला होता.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आरोग्याच्या नावाने जे नियम आले, त्यातले तीन प्रसंग या निमित्ताने तपासून बघण्यासारखे आहेत.

पहिला मुंबईचा. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिका आयुक्तांचं परिपत्रक निघालं: कोरोनाने मृत्यू झालेल्या प्रत्येकाचं दहन करायचं, धर्म कोणताही असो. घराघरांत घबराट पसरली. पण त्याच दिवशी लोकप्रतिनिधी बोलले, तत्कालीन मंत्री नवाब मलिक यांनी विषय लावून धरला आणि काही तासांत आदेश मागे घेतला गेला. ९ एप्रिलला सुधारित परिपत्रकाने दफनासाठी कब्रस्तानं ठरवून दिली. त्यावर वांद्र्यातले काही रहिवासी हायकोर्टात गेले. २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने महापालिकेचा दफनाचा निर्णय कायम ठेवला. दफनामुळे संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं. आपला मुद्दा टिकला तो केवळ "आमच्या भावना दुखावल्या" म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आणि वैद्यकीय पुरावा हातात होता, म्हणून टिकला.

दुसरा पुण्याचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. बोट दूषित पाण्याकडे गेलं, विहिरींचे आणि खाजगी जलशुद्धीकरण केंद्रांचे नमुने तपासले गेले. आता एक गोष्ट लक्षात घ्या. नांदेड, किरकटवाडी ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत गेली. म्हणजे तिथली ग्रामसभा संपली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे नगरसेवकही नाही. गढूळ पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं तर कोणत्या सभेत राहायचं? पाण्याला धर्म नसतो. ज्या घरात आजार शिरला त्या प्रत्येक घराची ही अडचण होती.

तिसरा प्रसंग १५ ऑगस्ट २०२५ चा. कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. मालेगाव, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही असेच आदेश निघाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की हा निर्णय १९८८ पासूनचा आहे आणि कोण काय खातो यात सरकारला रस नाही. आमच्या बारामतीचे तेव्हाचे आमदार आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र अशी बंदी योग्य नसल्याचं उघड सांगितलं. श्रद्धेच्या दिवशी लोक समजून घेतात, पण राष्ट्रीय सणाला बंदी कशासाठी, असा त्यांचा मुद्दा होता. या आदेशाची झळ फक्त मुस्लिमांना बसली नाही. खाटीक समाज, कोळी, आगरी, मटणाचे हॉटेलवाले सगळेच त्यात आले. आणि इथेही तेच: या चारही शहरांत त्या वेळी निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. आदेश प्रशासनाने काढला, चर्चा टीव्हीवर झाली.

तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते. लोकांना बोलायला जागा नसते तेव्हा चुकीचा नियम सहज निघतो आणि गरजेचा नियम वेळेवर निघत नाही. आपल्या जिल्ह्याने हे सव्वाशे वर्षांपूर्वीही भोगलंय. १८९७ च्या प्लेगात रोग खरा होता, उपायांची गरजही खरी होती. पण साथीचा कायदा हातात घेऊन रँडच्या पथकांनी ज्या रीतीने घरं तपासली, त्याने लोक रुग्ण लपवू लागले. विश्वासात न घेता लादलेला नियम रोगालाच मदत करतो.

आपल्या इतिहासात याच्या उलट उदाहरण आहे. शाम देशाच्या वाटेवर ताऊनची खबर आली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी एकट्याने हुकूम सोडला नाही. मुहाजिर, अन्सार, कुरैशचे बुजुर्ग, सगळ्यांशी मशवरा केला. मतभेद ऐकून घेतले आणि मगच परत फिरायचं ठरवलं. साथीच्या काळातला मशवरा ही आपल्यासाठी परकी कल्पना नाही.

आता प्रश्न आपला. महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या, त्याआधी डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या. सभागृहं परत आली आहेत. खेड्यात तर ग्रामसभेचा हक्क कधी गेलाच नव्हता. ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते, हे आपल्या किती आया-बहिणींना माहीत आहे? गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे हजारोंच्या गावात शंभर माणसं गावाचं ठरवू शकतात. त्या शंभरात आपण असणार की नाही, एवढाच सवाल आहे. बारामती, इंदापूर शहरातल्या भावांना नगरपरिषदेच्या सभेत तसं उठून बोलता येत नाही. पण नगरसेवकामार्फत विषय मांडता येतो, लेखी निवेदन देता येतं आणि उपविधीचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकत नोंदवता येते.

उठल्यावर काय बोलायचं? आम्ही मुलांना उत्तर लिहायला शिकवतो तेव्हा सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा. इथेही तीन प्रश्न पुरेत. एक, नियमाचं आरोग्याचं कारण कोणतं, आणि ते लेखी आहे का? दोन, तो सगळ्यांना सारखा लागू आहे का? मटणाच्या दुकानाची घाण मोजणार असाल तर हॉटेलचं सांडपाणी आणि बाजाराचा कचराही मोजा. तीन, बंद करायला सांगताय तर पर्याय काय? ओटे, पाणी, निचरा, कचऱ्याची गाडी देणार का?

हे विचारायचं तर आपले हातही स्वच्छ हवेत. अन्न सुरक्षा कायद्याखाली दुकानाची नोंदणी नसेल, मांस उघड्यावर लटकत असेल, ईदुल अजहाला ओझडी ओढ्यात टाकली जात असेल, तर सभेत आपला आवाज निघणार कसा? पाकी हा ईमानाचा भाग आहे हे मकतबात पहिल्या दिवशी शिकवतात. ईदच्या आधीच जमातीने खड्डे, चुना, पिशव्या आणि गाडीचं नियोजन लिहून ग्रामपंचायतीला दिलं, तर आक्षेपाला जागाच राहत नाही. चांगल्या नियमाला सर्वांत आधी हात वर करणारेही आपणच असायला हवं. आमचा हा जिरायती भाग. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, ते तपासलेलं असावं ही मागणी मोहल्ल्याची नाही, अख्ख्या गावाची आहे. ती आपण मांडली तर गाव आपल्याबरोबर उभं राहतं, असा आमचा विश्वास आहे.

एक शेवटचं. १२ मे १८७५ ला याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. न वाचता अंगठे उमटवलेल्या कागदांनी त्यांच्या जमिनी गिळल्या होत्या. कागद जाळायची वेळ येण्यापेक्षा तो आधी वाचलेला बरा. तेव्हा पुढची नोटीस लागेल तेव्हा थांबा, वाचा, मोबाईलवर फोटो काढून घरी दाखवा. आणि सभेला या. त्या आजीला या वेळी एकटीला उठायला लागू नये.