दोन इंचांचा दिमाख

देवानं माणसाला उंची एकदाच दिली. बाकीच्या सगळ्या उंच्या माणूस नंतर स्वतःच्या खर्चानं करून घेतो. घराचं जोतं, लग्नातलं स्टेज, सत्काराच्या वेळची खुर्ची, कशाबद्दलच माझी तक्रार नाही. मी बँकेतला साधा कारकून. माझी स्वतःची खुर्चीसुद्धा वरखाली होणारी आहे, आणि गेली चार वर्षं ती फक्त खालीच होते. पण मोटारसायकलची उंची निव्वळ दिसण्यासाठी वरखाली करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं माझं स्पष्ट आणि लेखी मत आहे. ऑडिट चालू असतानासुद्धा मी ते बदलणार नाही.

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी आमचे भाचेराव खर्ची पडता पडता राहिले.

भाचेराव इंजिनीअरिंगला आहेत आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहतात. ताईनं त्यांना बारावीच्या मार्कांबद्दल एक स्पोर्ट्स बाईक घेऊन दिली. बाईक देखणी होती, यात वाद नाही. महिनाभर ते तिला रोज फडक्यानं पुसत होते. आपलं ताट त्यांनी आयुष्यात कधी धुतलेलं नाही. मग एका रविवारी ते बाईक घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले, ते शेपूट वर काढलेला विंचू घेऊन.

"मामा, कशी दिसते?"

"मागून कुणी उचलल्यासारखी."

"उचललीच आहे. दोन इंच!"

बाईकच्या मागच्या शॉकअपखाली दोन छोट्या पट्ट्या असतात. कुत्र्यानं चघळलेल्या हाडासारख्या दिसतात म्हणून त्यांना 'डॉगबोन' म्हणतात. बहुतेक गाड्यांत या पट्ट्या आखूड घातल्या की मागची बाजू वर जाते आणि लांब घातल्या की खाली बसते. पट्टीत थोडा फरक केला, तर उंचीत त्याच्या दुपटी-तिपटीनं फरक पडतो. सावकारी व्याजसुद्धा इतक्या वेगानं चढत नाही. भाचेरावांनी अठराशे रुपये देऊन आखूड पट्ट्या बसवून घेतल्या होत्या.

मी म्हटलं, "यानं गाडी जास्त चांगली पळते का?"

ते म्हणाले, "मामा, फोटोत बघा ना!"

इथे आमच्यातला मूळ वाद सुरू होतो. बाईक ही वस्तू फोटोत चालवायची की रस्त्यावर?

"तुम्हा कॉमर्सवाल्यांना यातलं काय कळणार?" असंही भाचेराव म्हणाले. म्हणून मी हट्टानं चार पुस्तकं चाळली, आणि मला जे कळलं त्यानं माझा कॉमर्सवरचा विश्वास दुणावला. मोटारसायकलची उंची म्हणजे सरळसरळ द्विनोंदी जमाखर्च आहे. एका बाजूला काही जमा केलं की दुसऱ्या बाजूला नावे पडतंच.

बाईकचा पुढचा दांडा, म्हणजे फोर्क, सरळ उभा नसतो. तो मागे कललेला असतो. हँडल ज्या अक्षाभोवती वळतं ती कललेली रेघ मनानं खाली जमिनीपर्यंत ओढा. ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकलेलं असतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे 'ट्रेल'. हे समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. विवाहित असलं की पुरतं. तुळशीबागेत बायको पुढे चालते आणि नवरा पिशव्या घेऊन मागे. ती वळली की तो वळतो, ती सरळ गेली की तो सरळ. दोघांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. अंतर फार झालं, तर ती दुकानात वळून गेल्यावरसुद्धा नवरा सरळच चालत राहतो. अंतर फारच कमी झालं, तर तो तिच्या टाचेला धडकतो आणि दर पावलाला डावीउजवीकडे लडबडतो. संसार टिकवायचा तर अंतर नेमकं लागतं. बाईक आपण होऊन सरळ धावते त्यात या अंतराचा मोठा वाटा असतो.

आता मागची बाजू उचला. अख्खी बाईक पुढे कलते, फोर्क अधिक उभा होतो आणि ट्रेल कमी होतो. मी कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला. दोन चाकांमधलं अंतर १,३३० मिलिमीटर धरलं, तर मागून ५० मिलिमीटर उचलल्यावर बाईक दोन अंशांहून थोडी जास्त कलते आणि ट्रेल सुमारे १३ मिलिमीटर घटतो. अशा गाड्यांचा मूळ ट्रेलच ९० ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे स्थैर्याच्या खात्यातून तेरा-चौदा टक्क्यांची उचल, तीही तारणाशिवाय! (चूकभूल द्यावी घ्यावी.)

याचा फायदा काहीच नाही, असं मी म्हणत नाही. हँडल हलकं होतं, बाईक पटकन वळते. शर्यतीवाले म्हणूनच चार-पाच मिलिमीटर इकडे-तिकडे करतात. पण करतात, मोजतात, एक फेरी मारतात आणि पुन्हा मोजतात. आमच्या भाचेरावांनी मोजलं काय होतं? फोटोला आलेले अंगठे!

मी हा हिशेब त्यांना दाखवला. त्यांनी तो माझ्या पासबुकाइतक्याच कौतुकानं पाहिला.

पुढच्याच महिन्यात भोरला एक साखरपुडा होता. भाचेराव बाईकवर पुढे, मी आणि सौ. स्कूटरवर मागे, असे आम्ही कात्रजच्या जुन्या घाटानं निघालो. बोगदा ओलांडला आणि उतार लागला. उतारावर ब्रेक दाबला की पुढचा फोर्क आणखी दबतो, म्हणजे मुळातच उभा केलेला फोर्क आणखी उभा होतो आणि उरलासुरला ट्रेलही आटतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की एका वळणावर बाईक छोट्याशा खड्ड्यातून गेली आणि तिचं हँडल 'नाही, नाही, नाही' म्हणाल्यासारखं हललं. भाचेराव रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. समोरून एसटी येत होती.

मी विनोदी लेखक आहे, पण त्या तीन-चार सेकंदांबद्दल मला विनोद सुचत नाही. मला फक्त ताईचा चेहरा दिसला आणि मागून सौ.ची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी जागच्या जागी उभी केली. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो. भाचेराव बसच्या तोंडापासून दोन हातांवर थांबले. ड्रायव्हरनं खिडकीतून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईकच्या वर गेलेल्या शेपटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पोरा, गाडीला शीर्षासन कशाला घालतोस?"

माझ्या चार पुस्तकांचा सारांश त्यानं पाच शब्दांत सांगितला.

वाटलं, आता पोरगा शहाणा होईल. पण तरुण माणूस चूक सुधारतो म्हणजे उलट्या दिशेची चूक करतो. आठ दिवसांत त्यांनी आखूड पट्ट्या काढून लांब बसवल्या. बाईक मूळ उंचीच्याही दोन इंच खाली बसली. "ही स्टाईल वेगळी आहे मामा. आता ती जमिनीला चिकटून चालेल."

चिकटली खरी. आता नोंदी उलट्या बाजूला पडू लागल्या. मागून खाली बसल्यामुळे बाईकचं तोंड वर झालं आणि हेडलाइटचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडू लागला. तिथल्या काकूंनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी आमच्याकडे निरोप आला. बाजूचा स्टँड मूळ उंचीच्या हिशेबानं केलेला. बाईक खुजी झाल्यावर तो लांब पडला. त्यामुळे ती कलून टेकण्याऐवजी सरळ उभी राहू लागली आणि एका पावसाळी वाऱ्यात शांतपणे उजव्या कुशीवर निजली. शेजारी माझी स्कूटर होती. साखळीचा ताण बदलला. चाक खड्ड्यात वर उचललं की मडगार्डला घासून खरवड काढल्यासारखा आवाज करू लागलं. वळणावर पूर्वीइतकं वाकावं, तर पायटा जमिनीला लागे. आणि हँडल? आता ट्रेल वाढला. म्हणजे तुळशीबागेतला नवरा फारच मागे राहिला. बाईक वळायलाच तयार होईना.

शिवाय गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे चाक त्यावरून अलगद चढून अलगद उतरेल. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका माजी नगरसेवकाच्या प्रेरणेनं झाला आहे. तो उंचीला जास्त, रुंदीला कमी आणि स्वभावानं सूड उगवणारा आहे. त्यावरून जाताना भाचेरावांच्या बाईकचं पोट रोज दोनदा खरवडून निघे, आणि आम्हाला घरात बसून कळे की स्वारी आली.

या मंडळींचे युक्तिवाद मात्र ठरलेले असतात. पहिला म्हणजे, "मोटोजीपीत पण गाड्या खाली करतात!" करतात, बाबा. वळणातून बाहेर पडताना जोर लावला की पुढचं चाक उचलू नये, म्हणून त्या बाईकचं बूड यंत्रानं खाली बसतं. आणि पुढच्या वळणाला ब्रेक दाबला की पुन्हा मूळ जागी येतं. ते बूड कामापुरतं बसतं, फोटोसाठी बसून राहत नाही. त्यातसुद्धा शर्यत चालू असताना पुढची बाजू खाली करणाऱ्या यंत्रांवर २०२३ पासून बंदी आली आणि २०२७ पासूनच्या नियमांत असली सगळीच यंत्रं बाद केली आहेत.

दुसरा युक्तिवाद: "कंपनी सगळ्यांसाठी बनवते, मी माझ्यासाठी बदलतो." हा ऐकायला बरा आहे, आणि एका ठिकाणी खराही आहे. कुणाचे पाय जमिनीला टेकत नसतील, तर उंची कमी करणं हा दिमाख नव्हे, ती गरज आहे. पण मग ती रीतसर करावी. पुढून-मागून सारखी, स्टँड आखूड करून, दिवा आणि साखळी पुन्हा जुळवून, जाणत्या माणसाकडून. त्याआधी कायदाही बघावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलेलं आहे. भाचेरावांचे पाय तर पहिल्यापासून व्यवस्थित टेकत होते. जमिनीवर टेकत नव्हतं ते फक्त डोकं.

तिसरा युक्तिवाद "पण दिसतं भारी!" हा आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कारण मीही त्यातलाच. मुलगी बघायला गेलो तेव्हा पाच फूट चार इंचांचा मी दीड इंच टाचेचे बूट घालून गेलो होतो. बूट उंबऱ्याशी काढावे लागतात, हे वधूसंशोधनाच्या उत्साहात मी विसरलो. त्या घरात पाऊल टाकताच सगळ्यांदेखत मी दीड इंच खचलो. तरीही लग्न झालं, हा सौ.चा मोठेपणा.

हा किस्सा मी भाचेरावांना सांगितला. माझ्या हिशेबानं, कलमानं आणि आकड्यांनी जे झालं नाही ते या किश्श्यानं झालं. ते इतके हसले, की हसता हसता मूळच्या पट्ट्या कुठे ठेवल्यात ते सांगून बसले. पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात होत्या. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि दोघं गॅरेजला गेलो. पट्ट्या बसवायला बाराशे लागले. एकूण हिशेबात भाचेरावांना हजारो रुपये खर्चून बाईक होती तशी परत मिळाली. बँकेत याला 'उलट नोंद' म्हणतात, आणि ती करताना कारकुनाला जो आनंद होतो तो इतरांना कळायचा नाही.

परत येताना आम्ही मुद्दाम कात्रजच्या घाटात गेलो. मी मागे बसलो होतो. त्या वळणावर बाईक वळली, सरळ झाली आणि पुढे गेली. इतकंच. पण एवढ्यासाठीच कुणीतरी कारखान्यात बसून मिलिमीटर मिलिमीटर मोजलेले असतात.

घरी आल्यावर भाचेरावांनी सौ.ला विचारलं, "मामी, आता कशी दिसते?"

सौ.नं बाईककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मूळ उंचीत सगळे बरे दिसतात," ती म्हणाली, "आणि पडत नाहीत."