खुडूक

मराठी माणसानं कोंबडीवर बरेच अन्याय केले आहेत. तिला खाल्लं, हा त्यातला अगदीच किरकोळ. खरा अन्याय म्हणजे ‘खुडूक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. खुर्चीतून न उठणारा कारकून खुडूक, कोपऱ्यात घुमून बसलेला जावई खुडूक! अहो, खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते, दाणापाण्यापुरती जेमतेम उठते, अंडी सारखी फिरवते आणि शेवटी पिल्लं काढून दाखवते. कुठल्या कारकुनानं इतकं बसून काही बाहेर काढलंय?

जळगाव-धुळ्याचे आम्ही पांढरपेशे ‘गावरान’ अंड्यासाठी जीव टाकतो. दुकानदार तपकिरी अंडं पुढं करतो आणि आम्ही धन्य होऊन जादा पैसे मोजतो. वास्तविक कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, हिंडण्या-फिरण्यावर नाही. तपकिरी अंडी घालणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यातही असतात. पण रंगावरून गुण ठरवायची आपली खोड वधूपरीक्षेतून गेली नाही, ती अंड्यातून कशी जाणार?

माझ्या मते गावरानची खरी कसोटी एकच: ती खुडूक बसते का? पिंजऱ्यातली संकरित कोंबडी वर्षाला 300च्या आसपास अंडी घालते, गावरान 60-70वर थांबते. हिशेबनीस लगेच चष्मा सावरून म्हणणार, ‘तोट्यातला धंदा!’ पण 300वाली बसायचंच विसरली आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करकरून माणसानंच तिला ते विसरायला लावलं. तिची पिल्लं यंत्रात निघतात. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या परसात पाळायच्या सुधारित जाती वजनाला आणि अंड्याला खाशा. पण त्याही सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणा. पैसे संपले, की कोंबडी संपली!

साक्रीकडं किंवा सातपुड्याच्या पायथ्याला कोंबड्या बहुधा घरच्या बाईच्या असतात. पोरांच्या वह्या, एसटीचं भाडं, पाहुण्यांचा रस्सा, सारं त्या डालग्याखालून निघतं. अशाच एका आजीबाईंना एक साहेब माझ्यादेखत 300चं गणित समजावत होते. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, कोंबडी शे ती, मशीन नही!’

2006च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात. परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रोग आवरायचा तर इलाज नव्हता. पण पोल्ट्रीवाल्याला नवी पिल्लं मागवता येतात. गावरान कोंबडी मात्र दुसऱ्या गावच्या गावरान कोंबडीच्या पोटीच जन्मते. सगळीकडे सुधारित पिल्लंच वाटून ठेवली, तर उद्या ती दुसऱ्या गावची कोंबडी आणायची कुठून?

तेव्हा योजना आखणाऱ्यांनो, सुधारणा करायचीच असेल तर गावरानमध्येच करा. जी नीट बसते, जी घार दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते, तिचीच अंडी पुढच्या पिढीसाठी राखा. कोंबडे गावोगाव बदला, म्हणजे नात्यातल्या नात्यात लग्नं होणार नाहीत.

आणि वाचकहो, पुढच्या खेपेला तपकिरी अंडं हाती आलं, की दुकानदाराला एवढंच विचारा, ‘याची आई बसते का हो?’ दुकानदारच खुडूक झाला, तर अंडं मुकाट्यानं खाली ठेवा.