शेतीसुधारणेंत गड्याचेंही मत घ्या

आपल्या जिल्ह्यांत शेतीसुधारणेची चर्चा निघाली म्हणजे ती बियाणें, खत, औजार व कर्ज यांपुरतीच होते. ज्यांच्या हातून सुधारणा प्रत्यक्ष घडावयाची, त्या सालगड्यास व निंदण-वेचणी करणाऱ्या बायांस कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें ही मोठी चूक आहे.

‘गड्याला काय कळतें?’ असा प्रश्न कोणी करील. त्यास शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे हेंच उत्तर होय. शिक्षण बेताचें, जमीन सुमारें दीड एकर. १९८३ सालीं ‘पटेल ३’ धानांत त्यांस कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. तें बी त्यांनीं वेगळें राखून वर्षानुवर्षें निवडलें व त्यांतून ‘एचएमटी’ हा वाण निघाला. वाण दूरवर पसरला. दादाजी मात्र २०१८ सालीं हलाखींतच वारले. पारख शेताच्या आकारावर अवलंबून नसते, आणि पारख करणाऱ्यास त्याचा वांटा आपोआप मिळत नाहीं, हे दोन्ही धडे यांत आहेत.

कपाशीचेंच पाहा. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भाचें अतोनात नुकसान केलें. फुलोऱ्यांतील डोमकळी निंदणाऱ्या बाईस सहज दिसते. किडकें बोंड प्रथम वेचणाऱ्या बाईच्याच हातीं येतें. पण वेचणीची मजुरी किलोवर असल्यानें थांबून सांगण्यांत तिचें नुकसानच होतें. मग ती कां बोलेल? आणि सुचविलेल्या युक्तीनें आपलीच मजुरी बुडणार असेल, तर गडी तरी कां तोंड उघडील? १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत घाणीची सुधारणा केली, ती कामकऱ्याचें काम राखून केली. हें वर्धेकरांनीं विसरूं नये.

म्हणून आमची सूचना अशी: आठवड्यांतून एक वेळ मालकानें धुऱ्यावर बसून सर्वांचें ऐकून घ्यावें. सुचविलेली गोष्ट प्रथम चार तासांवर करून पाहावी. किडीची खबर देणारीस त्या वेळेची मजुरी वेगळी द्यावी. फायदा झाल्यास सुचविणाऱ्याचें नांव चारचौघांत घ्यावें व फायद्याचा ठराविक हिस्सा त्यास द्यावा. ही बोली गुढीपाडव्यास साल ठरवितांनाच व्हावी. मागाहून दिलेलें बक्षीस मालकाच्या मर्जीवर राहतें, बोलीचा हिस्सा मात्र हक्काचा असतो.